दोनच दिवसांच्या द्या

मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून मला तीस वर्षं होऊन गेली. सगळ्याची सवय झाली, एका वाक्याची मात्र अजून झालेली नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर महिन्याभराची औषधं लिहिलेली असतात. मी हिशेब करून आकडा सांगते. समोरचा माणूस खिशात हात घालतो, नोटा बाहेर न काढता आतल्या आत चाचपतो आणि हळू आवाजात म्हणतो, "ताई, दोनच दिवसांच्या द्या." मग मी कात्री घेते आणि पाकीट कापते. कापताना एक्सपायरी छापलेला भाग आपल्याकडच्या तुकड्यावर राहील असं बघायचं, हे अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला दुकानात बसले त्या पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. ते म्हणायचे, "माणूस उरलेल्या गोळ्या न्यायला येईलच असं धरून चालू नकोस."

हे सगळं आठवायला निमित्त झालं भाचीचं. ती बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात विषय दिलाय: एखाद्या औषध कंपनीचं संशोधन आणि समाजकार्य. तिने सिप्ला घेतली होती. मागच्या रविवारी वही घेऊन दौंडला आली, तर पानावर मधोमध रेघ मारलेली. डावीकडे "संशोधन", उजवीकडे "समाजकार्य". म्हणाली, "मावशी, तू इतकी वर्षं ही औषधं विकतेस, तूच सांग, मी लिहून घेते." मी सांगायला लागले आणि तासाभरात तिची पंचाईत झाली. कुठली गोष्ट रेघेच्या कुठल्या बाजूला लिहायची, हे तिलाही कळेना आणि मलाही.

ती गेल्यावर माझ्या डोक्यातून ते जाईना, म्हणून रात्री दुकान बंद केल्यावर हे लिहायला बसले. या कंपनीशी माझं नातं इतकंच, की मी तिची औषधं विकते. कुरकुंभ एमआयडीसीतला त्यांचा कारखाना आमच्या जवळ आहे, तो १९९४ साली सुरू झाला. माझ्या शाळेतली दोन मुलं तिथे नोकरीला लागली. यापलीकडे काही नाही.

सुरुवात सदाफुलीपासून करते, कारण भाचीला मी तिथूनच सांगितलं. आमच्या दुकानाच्या पायरीशी डालड्याच्या जुन्या डब्यात सदाफुली आहे. अण्णांनी लावलेली. पाणी मिळो न मिळो, ती फुलतेच. महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं, "ताई, दोन पानं घेऊ का? शुगरला चांगली असतात." मी देत नाही आणि का देत नाही तेही सांगते. शुगरला चांगली असतात ही समजूत आपल्याकडे आहे तशी तिकडे जमैकातही होती. तिथली पानं १९५० च्या दशकात कॅनडात पोचली. रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर या शास्त्रज्ञांनी ती उंदरांना देऊन पाहिली. साखर काही उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी भराभर कमी झाल्या. दुसऱ्या कुणी ते बाजूला टाकलं असतं. यांच्या मनात आलं, की ज्या कॅन्सरमध्ये पांढऱ्या पेशीच बेसुमार वाढतात, तिथे हे चालेल का? त्यातून व्हिन्ब्लास्टिन आलं आणि मग व्हिन्क्रिस्टिन. लहान मुलांच्या ल्युकेमियावर आजही व्हिन्क्रिस्टिनशिवाय भागत नाही.

पण टनभर वाळलेल्या पानांतून हे औषध हाती लागतं ते अगदी मोजक्या ग्रॅमांत. ते शुद्ध रूपात वेगळं काढणं हीच खरी विद्या, आणि ती परदेशी कंपन्यांच्या हातात होती. १९८४ साली सिप्लाने पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या, म्हणजे आपल्या पाषाणच्या एनसीएलच्या, मदतीने ही दोन्ही औषधं इथे बनवली. पायरीवरचं फूल आपलं, रोग झालेलं पोर आपलं आणि औषध मात्र बोटीने बाहेरून यायचं, ते थांबलं. भाचीने हे डाव्या रकान्यात लिहिलं. मी म्हटलं, अगं, आयात औषध ज्या आईबापांना झेपत नव्हतं, त्यांच्या बाजूने हे उजव्या रकान्यातलंच आहे.

आता थोडं मागे जाते. कंपनी काढली ख्वाजा अब्दुल हमीद यांनी. मूळचे अलिगढचे, जन्म १८९८ चा. निघाले होते इंग्लंडला, पण बेत बदलून जर्मनीला गेले, कारण रसायनशास्त्रात त्या काळी जर्मनीच्या तोडीचं कुणी नव्हतं. बर्लिनमध्ये डॉक्टरेट केली. तिथेच लुबा भेटल्या, लिथुआनियातल्या ज्यू घरातल्या, आणि दोघांचं लग्न झालं. ऑगस्ट १९३५ मध्ये मुंबईत, बॉम्बे सेंट्रलला भाड्याच्या बंगल्यात, "केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज" उभी राहिली. त्या लांबलचक नावातली अक्षरं जुळवून सिप्ला. १९३७ मध्ये पहिली औषधं बाजारात आली. हमीदांनी स्वतःजवळची औषधांची सूत्रं कंपनीला दिली आणि त्यावर रॉयल्टी घेतली नाही. ४ जुलै १९३९ ला गांधीजी कारखाना बघायला आले आणि या हिंदी उद्योगाला भेट देऊन आनंद झाला, अशा अर्थाची एक ओळ त्यांनी वहीत लिहिली. पुढे महायुद्ध सुरू झालं, परदेशी औषधं येईनाशी झाली आणि इथे औषधं बनवणं ही चैन नसून गरज आहे, हे सगळ्यांना दिसलं.

त्यांचा मुलगा युसुफ हमीद १९३६ साली आजोळी, विल्नियसला जन्मला. केंब्रिजमध्ये अलेक्झांडर टॉड यांच्या हाताखाली पीएच.डी. केली. टॉड म्हणजे १९५७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मानकरी. १९६० साली युसुफ परत येऊन कंपनीत रुजू झाले. जगाला आज जी सिप्ला माहीत आहे ती बरीचशी या माणसाच्या हट्टातून घडली, असं माझं मत आहे.

पेटंटचा कायदा समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळत नाही. कॉलेजात आम्हाला तो पाठ करायला लावला होता, समजला तो काउंटरवर आल्यावर. आपल्याकडे इंग्रजांचा १९११ चा कायदा चालत आला होता. त्यात औषधावरच हक्क मिळायचा, त्यामुळे इथल्या कारखान्याला दुसऱ्या वाटेनेही ते औषध बनवता येत नव्हतं. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये अहवाल दिला, देशी उत्पादकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, त्यात हमीद पितापुत्र पुढे होते. मग १९७० चा पेटंट कायदा झाला आणि १९७२ पासून लागू झाला. भाचीला मी भाकरीचा दाखला दिला. जुन्या कायद्यात भाकरीच एकाच्या मालकीची होती. नव्या कायद्यात फक्त भाकरी करायच्या एका पद्धतीवर हक्क राहिला. तुम्ही हातावर थापता? थापा. मी परातीत थापीन. भाकरी तीच, भूक तीच भागते. या एका फरकाने देशातली औषधं जमिनीवर आली. हा कायदा २००५ मध्ये जागतिक व्यापार कराराखातर बदलला आणि औषधावर पुन्हा हक्क मिळू लागला, पण मधल्या तेहेतीस वर्षांत जे उभं राहिलं ते राहिलं.

आता अण्णांबद्दल लिहिते.

अण्णांना दमा होता. माझ्या लहानपणीच्या हिवाळ्याच्या रात्री म्हणजे अण्णा पलंगावर पुढे झुकून बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वरखाली होतायत आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येतोय. आई पाठीवरून हात फिरवायची. मी झोपल्याचं सोंग घेऊन तो आवाज मोजत राहायचे. गोळ्या होत्या, पण त्या घेतल्या की अण्णांचे हात थरथरायचे आणि दुकानात सुट्टे मोजता यायचे नाहीत. सिप्लाने दम्याचे पंप १९७६ मध्ये आणले होते. अण्णा ते विकत होते, पण स्वतः घ्यायला बरीच वर्षं धजावले नाहीत. "पंप लागला की सुटत नाही" ही समजूत गिऱ्हाइकांची होती तशी विकणाऱ्याचीही होती. शेवटी घेतला तेव्हाही गल्ल्याच्या खणात मागे लपवून ठेवायचे आणि दुकानात कुणी नसलं की पाठ फिरवून वापरायचे.

पंपाबद्दलची भीती घालवायला मी एकच हिशेब सांगते, अजूनही सांगते. साल्ब्युटॅमॉलची गोळी असते ४ मिलिग्रॅमची. पंपाच्या एका फवाऱ्यात तेच औषध असतं १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीच्या चाळीसाव्या हिश्शाइतकं. कारण ते पोटातून, रक्तातून, सगळ्या अंगातून फिरून येत नाही, थेट छातीत जातं. ज्याला लोक "जोरदार औषध" म्हणून घाबरतात ते खरं तर सगळ्यात थोडं औषध आहे. अण्णांचे हात थरथरायचे थांबले ते यामुळे.

पण पंपाला कौशल्य लागतं. दाबायचं आणि त्याच क्षणी श्वास आत ओढायचा, हे म्हाताऱ्या माणसाला आणि पोरांना जमत नाही. त्यासाठी रोटाहेलर आला, कॅप्सूलमधली पूड ओढून घ्यायचा. १९९७ मध्ये सिप्लाने तो पारदर्शक केला, जगात पहिल्यांदा. वाचायला ही किती लहान गोष्ट वाटते! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. पाटसकडच्या एका वाडीवरून एक आजी यायच्या. त्यांना कॅप्सूल दिल्या होत्या, आठ दिवसांनी परत आल्या, "गोळी घेते रोज, पण धाप तशीच हाय." विचारलं तर त्या पाण्याबरोबर गिळत होत्या. यंत्र घरी देव्हाऱ्यापाशी ठेवलेलं. मग मी स्टुलावर बसवलं. कॅप्सूल वरच्या भोकात घालायची, दाबून बसवायची, खालचा भाग पिळायचा. आत कॅप्सूल उघडते, पूड खाली सांडते. तोंडात धरून जोरात श्वास ओढायचा आणि दहा आकडे मोजेपर्यंत रोखायचा. आजींनी ओढला. मग यंत्र उजेडात धरलं, एक डोळा मिटला आणि म्हणाल्या, "थोडी हाय अजून." पुन्हा ओढला. पुन्हा उजेडात धरलं. "गेली बघ सगळी." जुन्या, बंद रंगाच्या यंत्रात हे त्यांना कधी दिसलं नसतं. औषध पोचलं की नाही, हे ना आकडा वाचून कळायचं होतं ना डॉक्टरांना विचारून, स्वतःच्या डोळ्यांनी दिसायचं होतं. ज्याने ते प्लॅस्टिक पारदर्शक करायचं ठरवलं, त्याच्या डोळ्यांसमोर नक्की अशीच कुणीतरी आजी असणार.

२००० साली ओझोनला घातक वायू न वापरणारे पंपही त्यांनी काढले. अमेरिका-युरोपबाहेर तसं करणारी ती पहिली कंपनी. आणि १९९५ चं डेफेरिप्रोन. थॅलेसेमियाच्या मुलांना सारखं रक्त द्यावं लागतं, त्यातलं लोह शरीरात साठत जातं आणि तेच जिवावर उठतं. ते काढायला रात्री पोटाच्या कातडीत सुई खुपसून आठ-दहा तास छोट्या यंत्रातून औषध द्यायचे, आठवड्यातल्या पाच-सहा रात्री. त्याजागी तोंडाने घ्यायची कॅप्सूल सिप्लाने भारतात आणली. अमेरिकेत तिला मंजुरी मिळाली २०११ मध्ये, सोळा वर्षांनी. तिच्यासोबत रक्त तपासत राहावं लागतं, पांढऱ्या पेशी घटू शकतात, ते सांभाळावंच लागतं. पण सुईविना झोपायला मिळालेल्या पोराची रात्र कशी असेल, याचा विचार मी पुष्कळदा करते.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

१९९७ ची गोष्ट. सोलापूर रोडवर गाडी चालवणारा एक तरुण, तिशीचाही नसेल. चिठ्ठी पुण्याची, वर झिडोव्हिर, म्हणजे सिप्लाचं झिडोव्हुडिन. झिडोव्हुडिन म्हणजे एड्सवरचं पहिलं औषध, अमेरिकेत मार्च १९८७ मध्ये मंजूर झालेलं आणि तेव्हा जगातल्या सर्वांत महाग औषधांपैकी एक. हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेच्या तंत्राने सिप्लाने ते इथे बनवलं आणि १९९३ मध्ये परदेशी किमतीच्या कितीतरी खाली बाजारात आणलं. तरीसुद्धा महिन्याच्या कॅप्सूल म्हणजे त्या ड्रायव्हरचा जवळजवळ सगळा पगार होता. सरकारकडे तेव्हा पैसा होता तो जनजागृतीला, औषधाला नव्हता.

मी स्टॉकिस्टकडून मागवून ठेवायचे. तो रात्री नऊनंतर यायचा, दुकानात गर्दी नसताना. पहिल्यांदा महिन्याच्या नेल्या. मग पंधरा दिवसांच्या. मग एके दिवशी तेच वाक्य आलं, "दोनच दिवसांच्या द्या." कापून दिल्या. आज मला माहीत आहे, की त्या रोगात अर्धंमुर्धं औषध न घेण्याहूनही वाईट, विषाणू औषधाला सरावतो. एकट्या झिडोव्हुडिनने तो फार काळ दबत नाही, तीन औषधं एकत्र लागतात, हे १९९६ मध्येच जगाला कळलं होतं. पण तिथे एक परवडत नव्हतं, तीन कुठून आणणार? चार महिन्यांनी तो यायचा बंद झाला. मागवून ठेवलेलं एक पाकीट एक्सपायरी होईपर्यंत माझ्या फळीवर होतं. ते मी परत पाठवलं नाही, का ते मलाही सांगता येत नाही.

तीन औषधांची अडचण नुसती पैशांचीही नव्हती. स्टॅव्हुडिन एका कंपनीचं, लॅमिव्हुडिन दुसरीचं, नेव्हिरॅपिन तिसरीचं. प्रत्येकीचं पेटंट वेगळं, म्हणून तीन वेगळ्या डब्या. पेटंट मानणाऱ्या देशांत ती एका गोळीत घालायला तिघींना एकत्र यावं लागलं असतं. भारतात कायदाच निराळा असल्यामुळे सिप्लाला ते करता आलं. २००१ मध्ये ट्रायोम्यून आली. एक गोळी सकाळी, एक रात्री, बस्स. औषध विकणारा कुणीही सांगेल, तीन डब्यांतली एक डबी आधी संपते, मग माणूस दोनच घेत राहतो आणि तिथेच घात होतो. एका गोळीत ती चूक करायला जागाच उरत नाही.

त्याच्या आधी, २८ सप्टेंबर २००० ला ब्रसेल्समध्ये युरोपियन कमिशनच्या बैठकीत युसुफ हमीद उभे राहिले. पाश्चात्त्य कंपन्यांची ही तीन औषधं तेव्हा माणशी वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलरना पडायची. ते म्हणाले, आम्ही ८०० डॉलरमध्ये देतो. ज्या सरकारांना स्वतः बनवायची आहेत त्यांना तंत्र फुकट देतो. आणि आईकडून बाळाला लागण होऊ नये म्हणून लागणारं नेव्हिरॅपिन फुकट देतो. तिन्ही गोष्टी एका दमात. तरी लगेच कुणी पुढे आलं नाही. मग फेब्रुवारी २००१ मध्ये त्यांनी "डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स" या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरचा भाव दिला, म्हणजे दिवसाला एका डॉलरच्या आत. ही बातमी ७ फेब्रुवारीला न्यूयॉर्क टाइम्समध्ये आली आणि जगभर खळबळ उडाली. तेव्हा दक्षिण आफ्रिकेत ३९ औषध कंपन्यांनी, स्वस्त औषधांची वाट मोकळी करणाऱ्या कायद्यावरून, तिथल्या सरकारवर खटला भरलेला होता. एप्रिलमध्ये त्यांनी तो मागे घेतला. नोव्हेंबरमध्ये दोह्याला जागतिक व्यापार संघटनेने मान्य केलं, की पेटंटचे नियम लोकांचे प्राण वाचवण्याच्या आड येता कामा नयेत. आफ्रिकेत लाखो लोक त्या गोळ्यांवर जगले आणि ३५० चा भाव पुढच्या काही वर्षांत शंभराच्याही खाली उतरला.

मला या बातमीचा अभिमान वाटला आणि त्याच दिवशी घशात काहीतरी अडकलं. ३५० डॉलर म्हणजे तेव्हाचे सोळा हजार रुपये. महिन्याला साडेतेराशे. कुरकुंभच्या रस्त्यावरून गाडी चालवणाऱ्याला तेही जमलं नसतं. आपल्या सरकारने फुकट औषधं द्यायला सुरुवात केली ती १ एप्रिल २००४ ला, आठ केंद्रांतून, त्यात आपलं मुंबईचं जे.जे. होतं. हे औषध आपल्याच देशात बनत होतं, आणि आपल्या माणसापर्यंत पोचायला त्याला जगाला वळसा घालून यावं लागलं.

ट्रायोम्यूनमधलं स्टॅव्हुडिन पुढे त्रासदायक ठरलं, तेही लिहायला हवं. पायांची आग व्हायची, गाल बसायचे, आणि गावात बसलेल्या गालांवरून लोक रोग ओळखायचे. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं. त्याजागी चांगली औषधं आली. पण ती येईपर्यंत माणसं जिवंत राहिली, हे त्या गोळीचं देणं.

सगळं गोडच आहे असं मी म्हणत नाही. औषधांच्या किमतींवरून सरकारच्या किंमत नियंत्रण यंत्रणेशी सिप्लाचे न्यायालयात वर्षानुवर्षं वाद चालले आहेत. धंदा आहे तिथे नफा आहे, माझ्याही दुकानात आहे. भाचीला मी तेही लिहायला लावलं. त्याचबरोबर २०१२ हे सालही. सोराफेनिब हे किडनी आणि लिव्हरच्या कॅन्सरचं औषध, मूळ कंपनीचं महिन्याला २ लाख ८० हजार रुपयांना होतं. सिप्लाचं होतं २७,९६०. त्या मे महिन्यात त्यांनी ते ६,८४० वर आणलं. रुग्ण त्या वेळी कुणाच्या दारात कर्ज मागायला उभा होता, हे ज्याने पाहिलंय त्याला त्या आकड्यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

पुण्यात वारज्याला असलेल्या सिप्लाच्या केंद्राबद्दल मला स्वतःला माहीत आहे.

२००९ मध्ये माझ्या मामाला तोंडाचा कॅन्सर झाला. जन्मभर तंबाखू. ऑपरेशन झालं, लाइट म्हणजे रेडिएशन झालं, पुन्हा उलटला. एका मोठ्या हॉस्पिटलात सांगितलं, "आता घरी न्या, करण्यासारखं काही नाही." घरी नेलं. गालाला भोक पडलेलं, त्याचा वास इतका की मामा स्वतःच पडवीत झोपायला गेला आणि नातवंडांना जवळ येऊ देईना. दुखायचं तेव्हा भिंतीवर डोकं टेकवून बसायचा. मी औषधवाली असून त्याला मॉर्फिन मिळवून देऊ शकत नव्हते. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने ते इतकं जखडलं होतं, की दुकानं सोडाच, हॉस्पिटलंही ठेवायला बघत नव्हती.

कुणीतरी वारज्याचं सिप्लाचं केंद्र सांगितलं. १९९७ पासून पुण्याच्या बायपासजवळ ते आहे, कॅन्सर बरा होण्यापलीकडे गेलेल्यांसाठी. रुग्णाबरोबर घरचं माणूस राहतं. मामी राहिली. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मॉर्फिन सुरू केलं. दुसऱ्या दिवशी जखम धुतली आणि मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची बारीक पूड करून तिच्यात भरली. मी ते बघत उभी राहिले. ती गोळी मी जुलाबासाठी हजारो वेळा विकली होती. जखमेला वास येतो तो जंतूंमुळे, ही पूड त्या जंतूंना मारते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. चार दिवसांत वास गेला. पाचव्या दिवशी मामाने नातवाला मांडीवर घेतलं.

एकोणीस दिवसांनी मामा गेला, झोपेत. सगळं आटपल्यावर माझा नवरा पाकीट हातात घेऊन बाहेरच्या सिस्टरना विचारत होता, बिल कुठे भरायचं. त्या म्हणाल्या, "इथं बिल नसतं दादा." तो तसाच उभा राहिला. मग त्याने पाकीट पुन्हा खिशात ठेवलं, आणि ठेवताना त्याचा हात दोनदा खिशाच्या बाहेरच गेला.

भाचीने वारजे उजव्या रकान्यात लिहिलं आणि मेट्रोनिडॅझोलची पूड कुठे लिहू म्हणून विचारलं. मी म्हटलं, आता रेघच खोड.

त्या ड्रायव्हरची बायको अजून माझ्याकडे येते. त्या वर्षी पोटुशी होती, मुलगा आता मोठा झालाय, नोकरीला आहे. ती कधी काही बोलली नाही, मी कधी विचारलं नाही. शुगरच्या गोळ्या न्यायला महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास येते. या महिन्यातही आली. पैसे काढायला पिशवीत हात घातला तेव्हा भाजीच्या खाली पांढरी प्लॅस्टिकची बाटली होती, हलली की आतल्या गोळ्या वाजायच्या. सरकारी केंद्रातून मिळते ती, मला न वाचता कळते. रोजची एकच गोळी.

तिनेही माझी नजर पाहिली. बाटली वर काढली नाही, खाली दडपलीही नाही.

मी शुगरच्या गोळ्यांचं पाकीट घेतलं आणि सवयीने कात्रीकडे हात गेला.

"नको ताई," ती म्हणाली, "अख्ख्या महिन्याच्या द्या."